पायवाट कोठे संपावी?

नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे पहाटेपासून माणसांची रीघ लागते. माशाच्या आकाराच्या त्या टेकडीवरील देवळात जाण्यासाठी पंचक्रोशीतील आबालवृद्ध चालत येतात. कोणी अनवाणी असतो, कोणाच्या कडेवर मूल असते. दर्शन झाल्यावर मंडळी खाली उतरतात आणि एखाद्या झाडाच्या सावलीत शिदोरी सोडतात किंवा यात्रेतील हॉटेलात चहा-भज्यांवर गप्पा रंगवतात. या चालण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही की सहल म्हणत नाही. तथापि चालणे, पोहोचणे आणि पोहोचल्यावर चारचौघांत बसून काही खाणे-पिणे ही तीन कड्यांची साखळी येथे पूर्ण झालेली असते.

नवरात्र सरले की ही साखळी तुटते. उरलेल्या वर्षात अंबडचा शिक्षक, कारकून वा विद्यार्थी फिरायला निघालाच, तर तो डांबरी रस्त्याच्या कडेने, मालमोटारींचा धूर गिळत चालतो आणि जेथून निघाला तेथेच परत येतो. गावाबाहेर चारही दिशांना शेते आहेत, मोसंबीच्या बागा आहेत, ओढे आहेत; पण त्यांतून जाणारी वाट नाही, आणि असली तर ती कोठे पोहोचत नाही. ही उणीव वरवर पाहता किरकोळ आहे. मात्र थोडे खोल गेले असता तिचे धागे ग्रामीण अर्थकारणाच्या एका दुर्लक्षित प्रश्नाशी जाऊन भिडतात.

ससा, शिकारी कुत्री आणि बिअर

या प्रश्नाचा विचार करताना इंग्लंडचे उदाहरण उपयोगी पडते. सुटीच्या दिवशी सकाळी निघून कुरणांतून व शेतांच्या कडेने सहा-आठ मैल चालायचे आणि दुपारी एखाद्या खेड्यातील 'पब'मध्ये जाऊन टेकायचे, हा तेथील मध्यमवर्गाचा व कामगारवर्गाचाही जुना छंद आहे. पब हा शब्द आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या झगमगत्या मद्यगृहांमुळे बदनाम झाला आहे. वस्तुतः 'सार्वजनिक घर' या अर्थाच्या शब्दाचे ते लघुरूप होय. इंग्रजी खेड्यात पब हे मद्याचे दुकान असतेच, पण ते भोजनगृह असते, गावाची चावडी असते आणि वाटसरूला पाऊस थांबेपर्यंत आसरा देणारी ओसरीही असते.

धावण्याची आणि पबची सांगड तर एका मंडळाने विनोदाने, पण रीतसर घातली. १९३८ च्या अखेरीस मलायातील क्वालालंपूर येथे आल्बर्ट गिस्पर्ट नावाच्या एका हिशेबनिसाने व त्याच्या मित्रांनी 'हॅश हाउस हॅरियर्स' हे मंडळ सुरू केले. एक-दोघांनी 'ससा' होऊन रानातून कागदाचे तुकडे टाकीत पुढे पळायचे, बाकीच्यांनी 'शिकारी कुत्री' होऊन त्यांचा माग काढायचा, आणि शेवटी सर्वांनी मिळून बिअरचे पेले रिते करायचे, असा हा खेळ. ज्या भोजनगृहात ही मंडळी जेवत, तेथील बेचव अन्नावरून त्याला पडलेले टोपणनावच मंडळाने अभिमानाने धारण केले. १९५० साली नोंदणीच्या वेळी लिहून दिलेल्या उद्दिष्टांत अंगाची तंदुरुस्ती जशी होती, तशीच कडकडीत तहान लागावी आणि ती बिअरने भागावी ही इच्छाही होती. आपण समजतो तेवढे म्हातारे झालेलो नाही हे वयस्क सभासदांना पटवून देण्याचा संकल्पही होता. गिस्पर्ट १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. त्याचा खेळ मात्र जगभर पसरला, आणि भारतातील मोठ्या शहरांतही त्याच्या शाखा निघाल्या.

यातील थट्टा बाजूला सारली तरी एक गोष्ट शिल्लक उरते. माणूस नुसत्या चालण्यासाठी फार दिवस चालत नाही. वैद्याने सांगितले म्हणून चालणारा पंधरवड्यात थकतो. वाटेच्या टोकाला कोणी वाट पाहत असेल तर तो वर्षानुवर्षे चालतो. चालण्याला शेवट लागतो, आणि त्या शेवटाला चूल, पाणी व संगत लागते.

वाट आणि विसावा

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर पायवाट ही सार्वजनिक वस्तू आहे. एक माणूस तिच्यावरून गेला म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही, आणि तिच्यावरून जाणाऱ्याकडून पैसे वसूल करणे व्यवहारात शक्य नसते. अशा वस्तूचे दुखणे सर्वश्रुत आहे: ती सर्वांची असते, म्हणून तिची राखण कोणीच करीत नाही. उलट वाटेच्या टोकाचा विसावा ही खासगी वस्तू आहे. तेथे भाकरीला किंमत असते, चहाला किंमत असते आणि ती किंमत कोणाच्या तरी हातात पडते. चहा आणि साखर यांप्रमाणे या दोन वस्तू परस्परपूरक आहेत. वाट मोडली तर विसाव्याला गिऱ्हाईक नाही. विसावा नसेल तर वाटेला चालणारा नाही.

येथेच मुख्य मुद्दा आहे. ज्याचे पोट वाटेच्या टोकाशी बांधलेले असते, तो वाटेचा आपोआप राखणदार होतो. वाटेवर कोणी काटेरी कुंपण घातले, ओढ्यावरची फरशी वाहून गेली, तर त्याची पहिली झळ त्याच्या गल्ल्याला बसते. म्हणून पहिली ओरडही तोच करतो. शासनाने नेमलेल्या पाहणी-पथकापेक्षा हा राखणदार अधिक जागरूक असतो, कारण त्याला कोणी नेमलेले नसते. सार्वजनिक वस्तूच्या रक्षणाची इतकी स्वस्त व्यवस्था क्वचितच सापडेल.

अर्थात इंग्लंडमधील वाटा केवळ पबच्या कृपेने टिकल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यासाठी संघर्ष करावा लागला. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या पठारावर, जमीनदारांची मनाई धुडकावून, समुदायाने चढून गेले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. पुढे १९४९ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील पायवाटा अधिकृत नकाशांवर नोंदण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली, आणि २००० च्या कायद्याने डोंगर-माळांवर मुक्त संचाराचा हक्क दिला. आज तेथील अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरते. कायद्याने वाट कागदावर राहिली, पायांनी ती जमिनीवर राहिली, आणि टोकाच्या चुलीने पाय वाटेकडे वळवले, असा हा त्रिवेणी संगम आहे.

पुसली जाणारी पाणंद

आता आपल्याकडे वळू. वाटांच्या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री आहे, असे कागदपत्रे सांगत नाहीत. प्रत्येक गावचा नकाशा महसूल खात्याकडे असतो. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. पहिल्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, तर दुसऱ्याची सव्वाआठ फूट धरली जाते. त्याखेरीज शिवेवरचे रस्ते आहेत, पाणंदी आहेत. कायदाही दुबळा नाही. बांधावरून जाण्या-येण्याच्या हक्काचा निर्णय देण्याचा अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ ने तहसीलदारास दिला आहे, आणि वाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार त्याला १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली आहे. २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' या नावाने योजना निघाली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत करण्याचा शासननिर्णयही झाला.

तरीही वाट बंद होते. ती कशी होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. कोणी एका दिवसात पाणंद गिळत नाही. दर वर्षी नांगराचे एखादे तास तिच्यात शिरते. दहा वर्षांत बैलगाडीची वाट माणसापुरती उरते. आणखी काही वर्षांनी माणसालाही अंग चोरून जावे लागते. आणि एके दिवशी तेथे काटेरी फांदी आडवी पडते. कायद्याप्रमाणे मामलेदार न्यायालयात दाद मागायची तर अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. परंतु तासातासाने झालेल्या अतिक्रमणाची जन्मतारीख कोणती धरायची? ज्याच्या शेताला दुसरी वाट आहे तो गप्प राहतो. ज्याला नाही तो एकटा पडतो, आणि एकट्याने शेजाऱ्याशी वैर घेण्यापेक्षा पीक डोक्यावरून वाहून नेणे पत्करतो.

या मौनाची किंमत कोण मोजतो? जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अंबड आणि शेजारचा घनसावंगी हे त्या मोसंबीचे तालुके. २०१२-१३ च्या दुष्काळात येथल्या बागा होरपळून गेल्या. त्यातून जे सावरले, त्यांची फळे आजही बागेपासून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटेवर अडखळतात. माल तयार असताना वाहन बांधापर्यंत येऊ शकत नसेल, तर व्यापारी त्याचे पैसे दरातून कापून घेतो. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवरून सडकेपर्यंत आणावे लागते. म्हणजे बंद पडलेली पाणंद ही फिरायला जाणाऱ्यांची हौस अपुरी ठेवते, हा तिचा सर्वांत लहान अपराध आहे. ज्या वाटेने रविवारी विद्यार्थी चालू शकतो, त्याच वाटेने सोमवारी शेतकऱ्याची गाडी जाऊ शकते. दोघांचे हित एकच आहे. फरक एवढाच की शेतकरी एकटा आहे आणि विद्यार्थी शंभर आहेत.

वाटेवर नियमाने चालणारी माणसे असणे का महत्त्वाचे, ते येथे स्पष्ट होते. जी वाट दर पंधरवड्याला पन्नास माणसे तुडवतात, तिच्यात शिरलेले नांगराचे तास सर्वांच्या डोळ्यांत भरते, आणि आडव्या पडलेल्या फांदीची तारीख पन्नास जणांना ठाऊक असते. सहा महिन्यांची मुदत मग उलटून जात नाही. पावलांचा हा पंचनामा कोणत्याही शासकीय पंचनाम्यापेक्षा बोलका असतो.

अहिल्याबाईंनी ओळखलेले मर्म

वाट आणि विसावा यांची जोडी आपल्याला इंग्रजांकडून शिकावी लागावी, ही खरे तर शोकांतिका आहे. कारण तिचे सर्वांत थोर उदाहरण अंबडच्याच मातीत आहे. होळकरांच्या अमलाखाली असलेल्या या गावात अहिल्याबाईंनी देवीच्या देवळाचे काम केले आणि पुष्करणी बारव बांधली. १७२५ साली जन्मलेल्या आणि १७९५ साली निवर्तलेल्या या राणीने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभी केली. त्या कार्याकडे आपण दानधर्म म्हणून पाहतो. पण यात्रेकरू हा त्या काळचा चालणारा माणूस होता. आणि त्याची वाट जिवंत ठेवायची तर एका दिवसाच्या मजलेवर पाणी, सावली आणि अन्न असले पाहिजे, हे मर्म त्या चतुर राज्यकर्तीने ओळखले होते. बारवेच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी पिणारा वाटसरू आणि पबच्या बाकावर पेला पुढे ओढणारा इंग्रज यांच्यात पेयाचा भेद आहे. पण ज्या गरजेने ते तेथे येतात, ती गरज एकच आहे.

वारीतही हेच दिसते. आळंदी-देहूहून पंढरपुरापर्यंतची वाट शतकानुशतके टिकली ती भक्तीने खरीच. पण मुक्कामाच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटवल्या नसत्या, तर ती भक्ती किती मैल चालली असती? ज्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, ते गाव एकेकाळी अंबड तालुक्यातच होते. तेथून निघालेल्या त्या मुलाने पुढे बारा वर्षे भारतभर पायी भ्रमण केले. मठ, धर्मशाळा आणि भिक्षा घालणारी घरे यांचे जाळे या देशात नसते, तर असे भ्रमण कोणालाही जमले नसते.

आज त्या जाळ्याचे काय झाले? बारवा गाळाने भरल्या, धर्मशाळांची गोदामे झाली आणि विसावा हमरस्त्यावरच्या धाब्याकडे सरकला. धाबा हा मोटारवाल्याचा विसावा आहे; तेथे पायी जाण्यात अर्थही नाही आणि सुरक्षितताही नाही. याउलट पुण्याजवळच्या सिंहगडाने जुनी रीत काही काळ तरी सांभाळली. रविवारी पहाटे पायथ्यापासून गड चढायचा आणि वर पिठले-भाकरी, कांदाभजी व मडक्यातले दही खाऊन उतरायचे, हा पुणेकरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे. गडाच्या घेऱ्यातील कुटुंबांना त्या दह्या-भाकरीने चार पैसे दिले. मात्र बिननियमाचा विसावा अखेर वास्तूच्याच अंगावर येतो, हा धडाही गडकोटांनीच दिला. २०२५ च्या आरंभी राज्यभरातील गडांवरची अतिक्रमणे काढण्यासाठी शासनाला जिल्हानिहाय समित्या नेमाव्या लागल्या. चूल हवी, पण ती तटाला टेकून नव्हे. तिची जागा पायथ्याच्या गावात, घराच्या ओसरीवर आहे. गडांवर सापडणाऱ्या दारूच्या बाटल्या हा तर वेगळाच दुखरा विषय आहे.

पेल्यात काय असावे?

बाटल्यांचा विषय निघालाच आहे, तर टाळू नये. इंग्लंडमध्ये चालण्याच्या शेवटी बिअर असते, मग अंबडच्या वाटेच्या शेवटी परमिट रूम का नको, असा प्रश्न कोणी विचारील. त्याच्या बाजूने युक्तिवादही करता येतो. उघड्यावर, चारचौघांत, जेवणाबरोबर घेतलेला पेला हा अंधारात लपून रिचवलेल्या बाटलीपेक्षा बरा. शिवाय मद्यविक्रीतून रोजगार मिळतो आणि शासनालाही उत्पन्न होते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करात वाढ केली, तेव्हा तीतून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा शासनाचा अंदाज होता. इतक्या मोठ्या रकमेकडे कोणतेही सरकार डोळेझाक करीत नाही.

परंतु मद्याचा हिशेब मांडताना तो कोणाच्या वहीत मांडला जातो, हे पाहावे लागते. सरकारच्या वहीत जी जमा असते, ती शेतमजुराच्या घरातल्या वहीत नावे पडलेली असते. या राज्यात गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते, आणि 'आडवी बाटली' निवडून आणण्यासाठी उन्हातान्हात रांगा लावणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. ज्या संस्थेच्या विरोधात गावाचा अर्धा भाग मतदान करण्यास उत्सुक आहे, ती संस्था गावाचे 'सार्वजनिक घर' होऊ शकत नाही. इंग्रजी पबचा गुण त्याच्या पेल्यात नव्हताच. तो त्याच्या दारात होता, आणि ते दार सर्वांना उघडे होते. आपल्याकडील परमिट रूमचे दार शिक्षिकेला उघडे नाही, विद्यार्थिनीला नाही, आजोबांचा हात धरून आलेल्या नातवालाही नाही. जो विसावा अर्ध्या समाजाला बाहेर ठेवतो, तो वाटेचे अर्धे राखणदारही गमावतो. म्हणून हा निर्णय नीतीचा जितका आहे, तितकाच हिशेबाचाही आहे. वाटेच्या टोकाला ताकाचा पेला असेल तर तेथे सारे गाव बसू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्लंडातील पबही आज संकटात आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते. ती संख्या आता पंचेचाळीस हजारांच्या घरात आली आहे. या पडझडीत ज्यांनी तग धरला त्यांतील एक उदाहरण मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या डोंगराळ खेड्यातील 'ओल्ड क्राउन' हा पब २००३ साली गावकऱ्यांनी व चालणाऱ्या मंडळींनी भागभांडवल गोळा करून सहकारी तत्त्वावर विकत घेतला. आपला विसावा आपण टिकवला पाहिजे, हे तेथील लोकांना कळले. ज्या महाराष्ट्राने सहकारातून साखर कारखाने उभे केले, ज्या अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, तेथे भाकरीची एक सहकारी चूल उभी राहू नये, असे कोणते कारण आहे?

एका वाटेपासून आरंभ

यासाठी मोठ्या योजनेची वा शहरातून येणाऱ्या पर्यटकांची वाट पाहण्याची गरज नाही. अंबडमध्ये कोण फिरायला येणार, असे हसून विचारणाऱ्यांना उत्तर एकच: अंबडचेच लोक. तालुक्याच्या गावातील शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक, कचेऱ्यांतील कर्मचारी आणि विद्यार्थी हे पहिले चालणारे. दसऱ्यापासून माघापर्यंतचे चार महिने मराठवाड्यात चालण्याला अत्यंत अनुकूल असतात. ज्वारी पोटऱ्यात येते, तूर फुलते, सकाळी हवेत गारवा असतो. मत्स्योदरीच्या टेकडीपासून वा पुष्करणी बारवेपासून निघून, गावनकाशावर आजही तुटक रेषेने दिसणाऱ्या वाटेने शेजारच्या एखाद्या खेड्यात पोहोचणारी पाच-सात मैलांची एकच वाट प्रथम निवडावी. पुढे हे पाऊल रोहिलागडाकडे वा गोदाकाठच्या शहागडाकडेही वळू शकेल.

वाट शोधण्याचे काम विद्यार्थ्यांचे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे; तिच्या शिबिरांत दरवर्षी खड्डे खणून रोपे लावली जातात, आणि त्यांतील पुष्कळ रोपे पुढच्या शिबिरापर्यंत वाळलेली असतात. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी गावनकाशा हाती घेऊन त्यावरील प्रत्येक तुटक रेषा प्रत्यक्ष चालून पाहावी. कोठे वाट आहे, कोठे नाही आणि कोठे ती अंग चोरून उभी आहे, याची नोंद करावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवावी. अर्थशास्त्राचा, भूगोलाचा आणि नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ कोणत्याही वर्गात मिळणार नाही. तिचा निकाल लावण्याचे काम तहसील कचेरीचे आहे, आणि त्यासाठी लागणारे अधिकार वर सांगितल्याप्रमाणे तिच्यापाशी आहेत.

चुलीचे काम गावातील स्त्रियांच्या बचतगटांचे. रविवारी सकाळी तीस-चाळीस माणसे ठरलेल्या वेळी येतील, एवढी खात्री असली तर भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक यांना मोठे भांडवल लागत नाही. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात अशा उपक्रमांच्या नोंदणीची सोयही आहे. चालणाऱ्याने मोटारीचे इंधन वा बाटलीबंद पाणी यांवर खर्च केलेला रुपया त्याच दिवशी तालुक्याबाहेर जातो. भाकरीवर खर्च केलेला रुपया गावातल्या ज्वारीला, गिरणीला, दूधवाल्याला हात लावून जातो आणि काही काळ तेथेच फिरतो. रक्कम लहान आहे हे खरे. पण ती ज्या हातांत पडते, त्या हातांसाठी ती लहान नाही.

शेतकऱ्यांच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे. परकी माणसे पीक तुडवतील, हरभऱ्याचे डहाळे उपटतील, मोसंबीला हात लावतील, कागद-बाटल्या टाकतील. इंग्लंडमध्येही हीच भीती होती. तेथे चालणाऱ्यांनी स्वतःसाठी आचारसंहिता घालून घेतली: फाटक उघडले तर लावावे, वाट सोडू नये, कुत्रे मोकाट सोडू नये, आणलेले सारे परत न्यावे. आपल्याकडे तेवढीही गरज पडू नये. ज्या घरी जेवायचे आहे, त्या घराच्या बांधावरून जाताना माणूस आपोआप जपून पाऊल टाकतो. अनोळखी गर्दी पीक तुडवते. पाहुणा तुडवत नाही. म्हणूनही वाटेच्या टोकाला दुकानापेक्षा ओसरी असावी.

पायवाट कोठे संपावी, हा प्रश्न अशा रीतीने केवळ फिरणाऱ्यांच्या सोयीचा राहत नाही. ती जेथे संपते तेथील माणसाचा तिच्यात वाटा असेल तर ती टिकते. नसेल तर नांगराच्या एकेका तासाने पुसली जाते, आणि तिच्याबरोबर ज्याला दुसरी वाट नाही अशा शेतकऱ्याचा हक्कही पुसला जातो. अहिल्याबाईंच्या जन्माची त्रिशताब्दी २०२५ मध्ये थाटाने साजरी झाली. समारंभ झाले, भाषणे झाली. त्यांच्या बारवेच्या पायऱ्यांवरून एखाद्या रविवारी सकाळी चाळीस-पन्नास माणसे चालू लागली, बुजलेली पाणंद पायांनी पुन्हा उघडी झाली आणि दुपारी कोणा कष्टाळू बाईच्या ओसरीवर ताकाचा पेला हाती घेऊन ती माणसे विसावली, तर ते स्मरण अधिक खरे ठरेल. तशा वाटेला कोनशिला लागत नाही; तिच्यावर रोजची पावले पडत राहिली म्हणजे पुरे.